मधलं मशीन बोलेना

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मधलं मशीन बोलेनासं झालं. दत्तप्रसाद तेव्हा कर्वेनगरच्या आपल्या फ्लॅटात, जेवणाच्या टेबलाशी, पोह्यांची बशी आणि लॅपटॉप यांच्यामध्ये कोपर टेकवून बसला होता. पडद्यावर तीन मशिनांच्या तीन ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी हिरवा ठिपका. त्याने पोह्यांवर लिंबू पिळलं, बी काढून बशीच्या कडेला ठेवली आणि पुन्हा वर पाहिलं, तर मधला ठिपका करडा झाला होता. लाल झाला असता तर त्याला बरं वाटलं असतं. लाल म्हणजे मेलं, आणि मेलेल्याचं काय करायचं ते ठरलेलं असतं. करड्याचा अर्थ एवढाच की माहीत नाही. मशीन बंद पडलं असेल, किंवा मजेत चालू असेल आणि फक्त आपल्याशी बोलत नसेल. स्वयंपाकघरातून त्याची बायको पूर्णिमा आली, चहाचा कप त्याच्यासमोर ठेवला आणि एक शब्द न बोलता परत गेली. तीही बोलत नव्हती. पण तिचं रविवारपासूनचं होतं. त्याची त्याला आता थोडी सवय झाली होती.

त्याची कंपनी मंगल कार्यालयांना बुकिंगचं सॉफ्टवेअर पुरवत असे. पुण्यातली आणि आसपासची बरीचशी कार्यालयं आणि लॉन्स आपल्या तारखा त्यात ठेवत, आणि लग्नसराईच्या तारखा दरवर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दहा वाजता खुल्या होत. तो दिवस आज होता. कंपनीची मशिनं बिबवेवाडीत, टाइल्सच्या एका दुकानावरच्या मजल्यावर, एका थंड खोलीत होती, कारण कंपनीच्या मालकीणबाई तनुजा यांचा भाड्याच्या मशिनांवर विश्वास नव्हता. त्या मशिनांवर एक मुकादम सॉफ्टवेअर बसवलेलं होतं. त्याला एक ग्रीक नाव होतं, पण ऑफिसात सगळे त्याला मुकादमच म्हणत. सगळे प्रोग्रॅम डब्यांत भरून त्याच्या हवाली करायचे. कुठला डबा कुठल्या मशीनवर ठेवायचा ते तो ठरवी. एखादा डबा मेला की तो तसाच दुसरा डबा दुसरीकडे उभा करी, आणि कुणालाही सुतक लागत नसे. दत्तप्रसादला या व्यवस्थेचं सुरुवातीला फार अप्रूप वाटलं होतं. वाशीमहून आलेल्या, दर अकरा महिन्यांनी करार संपवून खोली बदलणाऱ्या माणसाला ती ओळखीची वाटली होती. डबा जातो, डबा येतो. पण डब्यांनी जे लिहून ठेवलं ते कुठेतरी राहायला हवं, म्हणून एक डिस्क होती. डिस्क मरत नसे. तिचा नियम एकच होता: एका वेळी एकाच मशीनने तिच्यावर लिहायचं. आज ती मधल्या मशीनकडे होती. मधलं खरंच मेलं असेल तर डिस्क काढून शेजारच्याला द्यायची, की सगळं सुरू. आणि ते जिवंत असताना दिली, तर दोघं एकाच जागेवर लिहीत बसतील. मग डिसेंबरातल्या कुठल्यातरी गोरज मुहूर्तावर कुठल्यातरी लॉनच्या फाटकाशी दोन घोडे, दोन बँड आणि दोन नवरदेव समोरासमोर येतील. ही झाली त्यातल्या त्यात बरी शक्यता. नाहीतर डिस्कच खराब होईल आणि कुणाचीच तारीख कुणाची राहणार नाही.

फोन वाजला. आमोद होता. दत्तप्रसादच्या हाताखाली काम करायचा, दसऱ्याला साताऱ्याला घरी गेला होता, आणि तिथूनच लॅपटॉपवर बसला होता.

“सर, मधलं गेलं.”

“गेलं असं म्हणू नकोस. बोलत नाहीये असं म्हण.”

“बरं, बोलत नाहीये. फोर्स करू का? एक कमांड आहे, सर. मेलं म्हणून जाहीर करायचं, मुकादम डिस्क सोडवून तिसऱ्याला देतो. दहाच्या आत सगळं चालू.”

“मेलंय का?”

“आता बोलत नाही म्हणजे…”

“म्हणजे बोलत नाही. थांब जरा.”

आमोद थांबला. त्याचं थांबणं फोनमधूनही ऐकू येत होतं. दत्तप्रसादने चहाचा घोट घेतला. चहात आलं होतं, साखर बेताची होती, म्हणजे त्याला हवी तशी. हे त्याला चार दिवस कोड्यात टाकत होतं. अबोला धरलेल्या बाईने चहात आलं का घालावं? डबा वेळेवर मिळत होता, शर्टाला इस्त्री होत होती, काल दारावर तोरणही लागलं होतं. फक्त शब्द बंद होते. जे काही बोलायचं ते कामाला येणाऱ्या बायडाबाईंच्या मार्फत. “दादा, ताई इचारत्यात, भाकरी का पोळी?” आणि तो स्वयंपाकघराकडे न बघता सांगे, “पोळी म्हणावं.” अबोल्याच्या कारणाचा त्याने पद्धतशीर शोध घेतला होता. शनिवारी सकाळी पूर्णिमाने विचारलं होतं, दसऱ्याला भावाकडे जायचं का, आणि तो म्हणाला होता, “बघू.” हे एक. त्याआधी सोफा कुठल्या भिंतीला लावायचा यावर तो म्हणाला होता, “बघू.” हे दुसरं. शोध घेता घेता त्याच्या लक्षात आलं होतं की लग्न झाल्यापासून आपण जवळजवळ प्रत्येक गोष्टीला बघूच म्हणत आलो आहोत, त्यामुळे नेमकं कुठलं बघू तिला लागलं हे सांगणं अवघड आहे. खात्री झाल्याशिवाय हो म्हणू नये, आणि नाही तर मुळीच म्हणू नये, हे त्याच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की त्याचा त्याला पगार मिळत असे. घरी मात्र त्याबद्दल काहीच मिळत नसे.

हे कुठून अंगात आलं याचंही एक स्पष्टीकरण त्याच्याकडे होतं. तो पहिल्यांदा पुण्याला आला तेव्हा कर्वेनगरातच कॉट बेसिसवर राहत असे. कॉट बेसिस म्हणजे खोली आपली नाही, कपाट आपलं नाही, पंख्याची हवाही सगळ्यांची. कॉट तेवढी आपली. शेजारच्या कॉटवर हिंगोलीचा साईनाथ होता. तो बहिणीच्या लग्नाला म्हणून गावी गेला आणि बरेच दिवस आला नाही. फोन लागेना. खोलीचे मालक आप्पासाहेब सकाळी येऊन साईनाथच्या कॉटकडे टक लावून उभे राहत. “पोरगा गेला म्हणायचा,” असं एक दिवस ते म्हणाले, आणि संध्याकाळी त्या कॉटवर लातूरचा एक मुलगा आला. नंतर साईनाथही आला. त्याचा फोन लग्नाच्या मांडवात उसाच्या रसाच्या पातेल्यात पडला होता, एवढंच झालं होतं. त्याच्याकडे किल्ली होती, लातूरकडेही किल्ली होती, दोघांचंही म्हणणं रास्त होतं. आप्पासाहेब म्हणाले, “ॲडजस्ट करा, काय लोकसभेची सीट आहे का?” त्यांनी ॲडजस्ट केलं. एक डोकं उशाला, एक पायथ्याला. एकाने चादरीची घडी घातली की दुसरा ती मोडी. एकाने लावलेला गजर दुसरा बंद करी. पुढे दोघांनाही कुठली वस्तू कुणाची हे सांगता येईना, आणि साईनाथच्या परीक्षेचं हॉलतिकीट लातूरच्या मुलाच्या उशीच्या अभ्र्यात, धुऊन वाळलेल्या अवस्थेत सापडलं. दत्तप्रसाद हे सगळं दीड फुटावरून पाहत होता. गप्प असलेल्याला मेलेला धरू नये, हे तो तिथे शिकला. नंतर पुस्तकांत तेच इंग्रजीत लिहिलेलं आढळलं तेव्हा त्याला फक्त चादर आठवली.

पुन्हा फोन. या वेळी धायरीकडचे रावसाहेब, स्वतःच्या शेतात लॉन काढलेले. गावठाणातली माणसं बोलतात तसे ते फोनवरही समोरचा बांधाच्या पलीकडे उभा असल्यासारखे बोलत.

“साहेब, तुमचं मशीन काय म्हनतंय?”

“मशीन काही म्हणत नाहीये, रावसाहेब. तोच प्रॉब्लेम आहे.”

“हितं दोन पार्ट्या बसल्यात माझ्यापुढं. डिसेंबरातली एकच तारीख पायजे दोघांना. एक जन नुसता तोंडाचा पट्टा चालवतोय, दुसरा गप बसून हाय. मी आपला चहा पाजतोय. दहा वाजले की कुनाला तरी द्यावी लागंल.”

“कुणालाच शब्द देऊ नका.”

“आवो, पन मशीन हाय का न्हाई, तेवढं तरी सांगा.”

“तेच बघायला निघतोय,” असं तो बोलून गेला, आणि बोलल्यावर त्याला कळलं की आपण निघतोय. दुसरा मार्गच नव्हता. दुरून मशीनची वीज तोडायची एक सोय बाजारात मिळत होती, ती घ्यावी असं त्याने सुचवलं होतं, आणि तनुजाबाई म्हणाल्या होत्या, “बघू.” ऑफिसला आज सुट्टी होती. खोलीची किल्ली त्याच्याकडे होती. स्कूटरची मात्र पूर्णिमाकडे, कारण ती शाळेत शिकवायला स्कूटर घेऊन जाई. म्हणजे किल्ली मागायला हवी होती. तो स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिला. पूर्णिमा ओट्याशी पाठमोरी होती, बायडाबाई भांडी घासत होत्या. नियमाप्रमाणे त्याने बायडाबाईंना उद्देशून बोलायला हवं होतं.

“बायडाबाई, ताईंना म्हणावं, स्कूटरची किल्ली हवी आहे.”

बायडाबाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. “दादा, मी इचारनार न्हवते, पन आता इचारते. त्यांचा घसा बसलाय म्हनून त्या बोलत न्हाईत. तुमचं काय बसलंय?”

“घसा?”

“अवो, शाळंत त्या कवायतीत वरडून वरडून आवाज गेला. डाक्टरनी सांगितलंय, आठ दिवस तोंड उघडू नका. तुम्हाला ठाव न्हाई?”

पूर्णिमा वळली. तिच्या गळ्याला मफलर होता. तो त्याने रविवारपासून पाहिला होता, आणि तो रागाचा भाग आहे असं धरलं होतं. तिने फोन उचलून त्याच्या नाकासमोर धरला. घरच्या ग्रुपवर रविवारी दुपारचा तिचा मेसेज होता, त्याखाली तिच्या आईचे, भावाचे, वहिनीचे सल्ले होते, हळद, ज्येष्ठमध, गुळण्या. हा ग्रुप त्याने गणपतीतच गप्प करून ठेवला होता.

“मला वाटलं…” तो म्हणाला.

तिने डॉक्टरांचा आदेश मोडला. आवाज फुटक्या पिपाणीतून आल्यासारखा आला. “मला वाटलं, तू चिडलायस. तू का बोलत नव्हतास?”

याला उत्तर होतं, पण त्यासाठी कॉट बेसिसपासून सुरुवात करावी लागली असती. त्याने किल्ली घेतली. तिने हाताने त्याला जा, जा असं केलं. तिचे खांदे हलत होते. ती आवाज न करता हसत होती.

राजाराम पुलावरून जाताना त्याच्या डोक्यात दोन विचार एकमेकांना धक्के देत होते. एक सुटकेचा होता. दुसरा जास्त वाईट होता. गप्प असलेल्याला मेलेला धरू नये, हे त्याला पाठ होतं; पण गप्प असलेला आपल्याशी अबोला धरून आहे असंही धरू नये, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. चार दिवस तो ज्याला संयम समजत होता तो संयम नव्हता. त्याने तिच्याबद्दल एक गोष्ट स्वतःच ठरवून टाकली होती आणि त्या गोष्टीशी अत्यंत जबाबदारीने वागला होता. मग मशीनचं काय? ते जिवंत असेल हे तरी त्याला कुठे माहीत होतं? कदाचित ते खरंच मेलं असेल, आणि केवळ आपल्या स्वभावाला धरून तो अख्ख्या पुण्याची लग्नं अडवून बसला असेल. हेल्मेटच्या आत त्याला स्वतःचा श्वास ऐकू येत होता, आणि तो एखाद्या न पटणाऱ्या माणसाचा असावा तसा वाटत होता. पर्वतीच्या पायथ्याशी सिग्नल लागला. खिशात फोन थरथरला. तनुजाबाई.

“दत्तप्रसाद, दहा वाजत आलेत. आमोद म्हणतो तुम्ही थांबवलंय.”

“बघून येतो मॅडम. मी पोहोचेपर्यंत फोर्स करू नका.”

“काय बघणार? मशीन आहे ते, आजारी नातेवाईक नाही. बोलत नाही म्हणजे मेलंय.”

“तसं नसतं मॅडम. बोलायची वायर वेगळी असते, डिस्कची वेगळी. बोलणं बंद पडलं तरी लिहिणं चालू असू शकतं.”

“माझ्या ओळखीत तरी असं कुणी नाही.”

“माझ्या आहे,” असं त्याच्या ओठांवर आलं होतं. सिग्नल सुटला. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न न वाजवता नुसतं विचारलं, “काका, इथेच राहायला आलात का?”

मार्केट यार्डाच्या बाहेर रस्ता थांबला होता. काल विकला न गेलेला झेंडू व्यापाऱ्यांनी रस्त्याच्या कडेला ओतून दिला होता, ढीगच्या ढीग, आणि गाई त्यात गुडघाभर उभ्या राहून शांतपणे खात होत्या. कांद्याचा एक टेम्पो आडवा लागला होता आणि त्याचा ड्रायव्हर बेपत्ता होता. टेम्पोचं इंजिन मात्र चालू होतं. लोक त्या रिकाम्या केबिनला शिव्या देत होते. दत्तप्रसाद त्या थरथरणाऱ्या टेम्पोकडे बघत राहिला. कुणीतरी वर चढून तो बाजूला घ्यायला हवा होता. आणि घेतला, आणि तेवढ्यात ड्रायव्हर दुसऱ्या दाराने चढला, तर? हे असं सगळीकडे दिसायला लागलं की सुट्टी घ्यावी, असं त्याला डॉक्टरांनी नाही, पूर्णिमाने सांगितलं होतं, आवाज असताना. ड्रायव्हर आला. तो चहा प्यायला गेला होता. त्याने सगळ्यांकडे अशा नजरेने पाहिलं की जणू हेच लोक आडवे लागले होते.

टाइल्सच्या दुकानाशेजारचा जिना त्याने दोन दोन पायऱ्यांनी चढला. थंड खोलीचं दार उघडलं आणि झेंडूचा वास अंगावर आला. काल ऑफिसच्या लोकांनी इथे यंत्रपूजा केली होती. तिन्ही मशिनांना कुंकवाची बोटं होती, समोर नारळ होता, तांदूळ होते. दोन मशिनांना साधे हार होते. मधल्याला, डिस्क त्याच्याकडे होती म्हणून, तनुजाबाईंनी स्वतःच्या हाताने मोठा हार घातला होता, नवरदेवाच्या गाडीला घालतात तसा, भरगच्च, पाणी शिंपडलेला. हार अडकवायला मशीनला कान नसतात. तो मागे वायरवर अडकवला होता. रात्रभर तो आपल्या वजनाने खाली सरकत राहिला असावा, आणि त्या वायरीच्या टोकाची प्लास्टिकची खिटी तुटकी होती. वायर हारासकट जमिनीवर पडली होती. ती बोलायची वायर होती. डिस्कची वायर जागेवर होती. आणि त्या वायरीच्या मुळाशी एक बारीक हिरवा दिवा मधूनमधून लुकलुकत होता. कुणी ऐकत नसताना, कुणी काही मागत नसताना मशीन आपलं घर आवरत होतं, नोंदी जागच्या जागी ठेवत होतं, तारखा पुसून नीट लावत होतं.

दत्तप्रसादने फोन लावला. “आमोद, थांब. जिवंत आहे.”

“सर…” आमोद म्हणाला. “सर, दहा वाजले. मॅडम लाइनवर होत्या. मी केलं.”

“केव्हा?”

“आत्ता. डिस्क सुटली त्याच्याकडून. तिसऱ्यावर नवीन डबा उठतोय.”

“सुटली कुठली! इथे दिवा लुकलुकतोय.”

“पण मुकादम म्हणतोय सुटली.”

“मुकादमाला ऐकू येत नाहीये, आमोद. नवीन डबा थांबव.”

“थांबवतो, पण तो उठत असताना ऐकेल की नाही… सर, डिस्क जोडतोय तो.”

बोलायची वायर परत लावली असती, तर मधल्या मशीनला कळलं असतं की आपण मेलेलो आहोत; पण ते समंजस होतं, जाता जाता हातातलं लिहून पूर्ण केलं असतं, आणि तेच नको होतं. डिस्कच्या वायरी हिशेबनीस शरच्चंद्रांनी दसऱ्याच्या आवराआवरीत एका जुडीत इतक्या घट्ट बांधल्या होत्या की एक ओढली असती तर तिन्ही निघाल्या असत्या. उरली विजेची. दत्तप्रसाद गुडघ्यावर बसला. त्याने आयुष्यात कशाचीही खात्री झाल्याशिवाय काही केलं नव्हतं, आणि आत्ता त्याला पूर्ण खात्री होती. मशीन जिवंत होतं, निर्दोष होतं, नेमून दिलेलं काम करत होतं, आणि म्हणूनच ते बंद करायला हवं होतं. त्याने प्लग धरला आणि ओढला. प्लग निघाला नाही. त्याने भिंतीला पाय लावला आणि पुन्हा ओढला. पंख्यांचा आवाज एकेक पायरी उतरल्यासारखा खाली आला. हिरवा दिवा एकदा लागला, मग लागला नाही.

“सर,” बऱ्याच वेळाने आमोद म्हणाला, “उठलं. म्हणतंय की आधीचा नीट मेलेला नव्हता, सगळं तपासून घेतो.”

“घेऊ दे.”

“तपासतंय.” दत्तप्रसादच्या हातात प्लग तसाच होता. “तपासतंय अजून. सर, झालं. सगळ्या तारखा जागेवर. एकही हललेली नाही.”

दत्तप्रसाद जमिनीवर, झेंडूच्या पाकळ्यांवर बसून राहिला. पहिला फोन रावसाहेबांचा आला. “चालू झालं बघा. दिली तारीख.”

“कुणाला?”

“गप बसलेल्याला. तो दुसरा लई तनतन करत निघून गेला म्होरच्या लॉनवर. हा आपला बसूनच होता. म्हनलं, ह्याला द्यावी.”

दुसरा फोन तनुजाबाईंचा होता. त्यांचा आवाज प्रसन्न होता. बुकिंग धडाधड येत होती. “बघा, एवढंसं काम होतं. मी म्हणतच होते, मशीन मेलंय म्हणून. तुम्ही उगाच धावपळ केलीत. मेलंच होतं ना?”

त्याने शेजारच्या गप्प मशीनला हात लावून पाहिलं. ते अजून कोमट होतं.

“हो मॅडम,” दत्तप्रसाद म्हणाला, “आता तुमचं बरोबर आहे.”